झाकली मूठ तीन लाख वीस हजारांची

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवजयंतीच्या निमित्ताने आमच्या खोऱ्यातल्या एका शाळेत इतिहासाची प्रश्नमंजूषा घ्यायचे काम माझ्याकडे आले. मी पासलीचा. वेल्ह्याहून केळदला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एका अंगाला तोरणा, पुढे केळदचा मढे घाट. माझ्यापाशी इतिहासाची पदवी नाही. जे वाचले ते एसटीने पुण्याला जाऊन, ग्रंथालयात दिवसभर बसून, संध्याकाळच्या गाडीने परत येऊन. पण गावात वाचणारा माणूस म्हणून नाव झाले की अशी कामे आपोआप येतात.

नेहमीची प्रश्नोत्तरे मुलांना पाठ असतात, म्हणून शेवटच्या फेरीला मी पैज ठेवली. आधी फक्त विषय सांगायचा, मग प्रत्येक संघाने आपल्या गुणांपैकी किती पणाला लावायचे ते कागदावर लिहायचे, आणि त्यानंतर प्रश्न. उत्तरही दोन्ही संघांनी लिहूनच द्यायचे. बरोबर आले तर लावलेले गुण मिळणार, चुकले तर जाणार. फेरीत दोनच संघ उरले होते, एकाचे ५५ आणि दुसऱ्याचे ४० गुण. विषय सांगितला : गडकोट. पहिल्या संघाने १० लावले. दुसऱ्या संघाची म्होरकी आठवीतली एक मुलगी होती. तिने चाळीसच्या चाळीस लावले. प्रश्न होता, 'कोंढाण्याला सिंहगड हे नाव कोणत्या घटनेमुळे पडले?' पहिल्या संघाने तानाजी मालुसऱ्यांचे बलिदान लिहिले. मुलीने कागदावर लिहिले होते : 'नाव आधीपासून होते.' मी शून्य दिले. ती म्हणाली, "काका, मी वाचलंय." मी म्हणालो, "बाळा, उत्तरपत्रिकेत असं नाही." उत्तरपत्रिका मीच तयार केलेली होती.

या लेखाचे बीज त्या कागदात आहे. टेलिव्हिजनवरच्या प्रश्नमंजूषेत इतिहास विचारला जातो तेव्हा नेमके काय तपासले जाते आणि पैज कशावर लागते, हा माझा प्रश्न. त्यासाठी मी समोर ठेवतो ते मुख्यतः 'कौन बनेगा करोडपती', त्याची मराठी भावंडे आणि एक अमेरिकी चुलतभाऊ.

मूळ कार्यक्रम ब्रिटनमधला, १९९८ चा. आपल्याकडे तो ३ जुलै २०००ला अमिताभ बच्चन यांच्यासह स्टार प्लसवर आला. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे पहिले करोडपती झाले आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या घराघरांत सामान्यज्ञानाच्या पुस्तकांना भाव आला. मराठीत २०१३ साली ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर 'कोण होईल मराठी करोडपती' घेऊन आले. २०१९ साली सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती' सुरू झाले तेव्हा समोरच्या खुर्चीत नागराज मंजुळे होते. खेडेकर अदबीने धीर देत. मंजुळे स्पर्धकाच्या घरची चूल कशी पेटते तिथपासून बोलणे सुरू करीत, आणि मला ते अधिक भावले. कारण पुढे दिसेल की चुलीचा या खेळातल्या पैजेशी थेट संबंध आहे.

या कार्यक्रमाला आपण ज्ञानाचा खेळ म्हणतो, पण त्याचा सांगाडा जुगाराचा आहे. जुगार हा शब्द मी निंदेने वापरत नाही. आपल्या परंपरेतली पैजेची सर्वांत थोर कथा सभापर्वातल्या द्यूताची. तिथे धर्मराजाला प्रत्येक डावानंतर उठता आले असते, पण तो उठला नाही. करोडपतीत उठण्याची सोय नियमातच लिहिली आहे. प्रश्न आणि चारही पर्याय पाहून झाल्यावर 'मी खेळ सोडतो' म्हणता येते आणि हातातली रक्कम घरी नेता येते. उत्तर दिले आणि चुकले, तर मागच्या पडावावर, म्हणजे खात्रीच्या टप्प्यावर घसरायचे. २०१९च्या पर्वात असे पडाव दोन होते : दहा हजार आणि तीन लाख वीस हजार.

आता हिशेब करू. तीन लाख वीस हजारांच्या टप्प्यावर बसलेल्याला पुढचा प्रश्न फुकट असतो. चुकला तरी हातचे जात नाही, म्हणून तिथे गप्प राहणे हाच वेडेपणा. खरा पेच त्यापुढे. हातात ६,४०,००० असताना बरोबर उत्तराला १२,५०,००० मिळत, चुकल्यास ३,२०,००० उरत. जाणारे ३,२०,०००, येणारे ६,१०,०००. म्हणजे उत्तराची खात्री शंभरात ३४ असली तरी खेळणे परवडते. पुढे साडेबारा लाखांवरून पंचवीस लाखांसाठी हीच खात्री ४३ लागते, पंचवीसवरून पन्नास लाखांसाठी ४७, पन्नास लाखांवरून कोटीसाठी ४८. (पुढच्या प्रश्नांची आशा यात धरलेली नाही, ती धरली तर आकडे थोडे उतरतात.) नवाथे पन्नास लाखांवर बसले होते तेव्हा त्यांना निम्म्याच्या जवळपास खात्री हवी होती. प्रश्न जसजसा अवघड तसतशी जास्त खात्री हवी, इथपर्यंत सगळे आपल्या अंदाजाप्रमाणे चालते.

२०१९च्या पर्वात कोटीनंतर थेट सात कोटींचा प्रश्न होता. हातात एक कोटी, चुकल्यास तीन लाख वीस हजार. जाणार ९६,८०,०००, येणार सहा कोटी. इथे गणिताला लागणारी खात्री एकदम १४ वर उतरते. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तरी २५ ची खात्री असते! म्हणजे निव्वळ सरासरीच्या हिशेबाने, काहीही माहीत नसलेल्यानेसुद्धा सात कोटींचा प्रश्न खेळायलाच हवा.

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे त्या वर्षी एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवण्याचे त्यांचे काम, मानधन महिना दीड हजार रुपये. सात कोटींचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी खेळ सोडला. प्रश्न असा : कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? उत्तर बिहार : झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद. गणित सांगत होते खेळा. त्या उठल्या, आणि पाहणाऱ्या कोणालाही ते चुकीचे वाटले नाही.

का वाटले नाही? दीड हजार महिना म्हणजे वर्षाला अठरा हजार. एक कोटी म्हणजे साडेपाचशे वर्षांहून जास्त काळाचे मानधन. चुकल्यावर उरणारे तीन लाख वीस हजार म्हणजे जेमतेम अठरा वर्षांचे. पणाला लागलेल्या रकमेत मुलांची शिक्षणे आणि घराचे छप्पर होते, आणि सहा कोटींनी त्या छपरावर आणखी किती कौले चढणार होती? डॅनियल बर्नुलीने १७३८ साली हीच गोष्ट गणितात मांडली. वाढत्या रुपयाचे मोल, गाठीशी जितके जास्त तितके कमी. त्याच्या लॉगरिदमच्या सूत्रात हेच आकडे घालून पाहिले, दुसरी काही पुंजी नाही असे धरले, तर सात कोटींसाठी लागणारी खात्री १४ नव्हे, ६४ येते. प्राप्तिकराचे तीस टक्के वजा केले तरी (अधिभार सोडून) हे प्रमाण बदलत नाही, कारण कर दोन्ही पारड्यांतून सारखाच जातो. १४ आणि ६४ यांच्या मधल्या पन्नासात माणसाची सगळी परिस्थिती मावते. श्रीमंत स्पर्धक चौदाच्या जवळ बसतो, खिचडी शिजवणारी चौसष्टच्या. प्रश्न मात्र दोघांना एकच, आणि सूत्रसंचालक दोघांच्याही निर्णयाला 'हिंमत' किंवा 'शहाणपण' असे एकच नाव देतो. माझा या कार्यक्रमावरचा पहिला आक्षेप हा आहे. तो परिस्थितीचे स्वभावात रूपांतर करतो.

विकास स्वरूप यांच्या 'क्यू अँड ए' या कादंबरीने आणि तिच्यावरच्या 'स्लमडॉग मिलेनियर'ने उलटे मांडले होते : गरिबाचे आयुष्यच त्याला उत्तरे देते. कल्पना देखणी आहे. पण चित्रपटातला शेवटचा प्रश्न पाहा. तिसऱ्या मस्केटियरचे नाव नायकाला ठाऊक नसते. तो निव्वळ अंदाजाने उत्तर देतो. आयुष्य उत्तर पुरवत नाही. ते फक्त किती लावायचे एवढेच ठरवते, आणि त्या एका प्रसंगात चित्रपट आपल्याच सिद्धान्ताला सोडून खरे बोलतो.

हे झाले पैजेचे. आता ज्ञानाचे, त्यातही इतिहासाचे.

ताडे यांचा कोटीचा प्रश्न इतिहासाचाच होता. बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने १८५७च्या उठावाचे स्वानुभव 'दास्तान-ए-गदर' मध्ये लिहिले? पर्याय : मीर तकी मीर, मोहम्मद इब्राहिम जौक, जहीर देहलवी, अबुल कासिम फिरदौसी. हा ग्रंथ वाचायची गरज नाही. त्याचे नावही माहीत असायची गरज नाही. फिरदौसी अकराव्या शतकात गेला, मीर १८१०मध्ये, जौक १८५४मध्ये. १८५७ पाहायला जिवंत उरतो तो एकच. बिहारच्या सुशीलकुमार यांना २०११मध्ये पाच कोटी मिळवून देणारा प्रश्न याच जातीचा. १८६८ साली निकोबार बेटांचे हक्क इंग्रजांना विकून भारतातून बाहेर पडलेली वसाहतवादी सत्ता कोणती? बेल्जियम आणि इटली यांच्या वखारी शालेय इतिहासात भेटतच नाहीत. फ्रान्स १९५४ पर्यंत पुदुच्चेरीत होता. उरला डेन्मार्क. प्रश्न पाच कोटींचा, लागणारे ज्ञान दहावीचे. महाग आहे ती स्वतःच्या तर्कावर विसंबण्याची छाती.

तिसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये याच कार्यक्रमात विचारले गेले की औरंगजेबाचा समकालीन राज्यकर्ता कोणता. पर्यायांत महाराणा प्रताप, राणा सांगा, महाराजा रणजितसिंह आणि नुसते 'शिवाजी'. महाराष्ट्र संतापला, वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली, बच्चन यांनी माफी मागितली. राग रास्त होता. मी मावळातला आहे, बाकीच्यांच्या नावामागे महाराणा, राणा आणि महाराजा असताना आमच्या राजाचे नाव उघडे पाहून मलाही टोचले. पण त्या गदारोळात प्रश्नाकडे कोणी पाहिले नाही. सांगा १५२८मध्ये वारला, प्रताप १५९७मध्ये, रणजितसिंह १७८०मध्ये जन्मला. औरंगजेबाचा जन्म १६१८चा, मृत्यू १७०७चा. म्हणजे शिवछत्रपतींविषयी एक अक्षर माहीत नसले तरी हा प्रश्न सुटतो. तिन्ही प्रश्नांची कूस एकच : कोण कधी मेले, कोण कधी निघून गेले. इतिहास म्हणजे स्मशानातली नोंदवही, एवढेच त्यातून कळते. मला वाटते, सन्मानाच्या अभावापेक्षा हा अपमान मोठा आहे, आणि तो साऱ्याच राजांचा आहे.

प्रश्नकर्त्याची बाजूही सांगायला हवी. चार पर्यायांत बसणारा आणि ज्यावर कज्जा होणार नाही असाच प्रश्न त्याला हवा असतो, आणि मृत्यूच्या तारखांवर कज्जे कमी होतात. जन्मतारखांचे तसे नाही. शिवजन्माची तारीख घ्या. जुन्या बखरींच्या आधाराने ती दीर्घकाळ १६२७ची धरली जाई. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६मध्ये प्रसिद्ध केली आणि शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया पुढे आली. पुढे तंजावरला सापडलेल्या परमानंदाच्या 'शिवभारता'नेही त्याच तिथीला दुजोरा दिला. तरी वाद शमला नाही. शासनाला १९६६मध्ये समिती नेमावी लागली, आणि १९ फेब्रुवारी १६३० शासनमान्य होऊनही काही जण तिथीने, काही तारखेने जयंती करतात. १९१५ साली एखादी प्रश्नमंजूषा असती आणि एखाद्याने कारीच्या दप्तरावर विसंबून १६३० 'लॉक' केले असते, तर तो घसरून पडावावर आला असता. त्याचे ज्ञान प्रश्नकर्त्याच्या पुस्तकाच्या एक वर्ष पुढे होते. आमच्या तोरण्याचे वर्षही काही पुस्तकांत १६४६, काहींत १६४७. पायथ्याशी राहणाऱ्या मला कोणी हा प्रश्न विचारला, तर मी आधी विचारीन, पुस्तक कोणते?

म्हणून इतिहासाच्या प्रश्नावर लावलेली पैज दुहेरी असते. काय घडले हे मला माहीत आहे का, ही एक. प्रश्न काढणाऱ्याने काय घडले असे मानले आहे, ही दुसरी. भूगोलात किंवा क्रिकेटच्या धावांत ही दुसरी पैज जवळपास नसते. इतिहासात पुष्कळदा तीच पहिलीवर मात करते. स्पर्धा परीक्षेची मुले हे लवकर शिकतात. 'आयोगाचे उत्तर' आणि 'खरे उत्तर' असे दोन कप्पे त्यांच्या वहीत असतात. ती मुले चतुर आहेत, मी त्यांना दोष देत नाही. पण एखादा समाज सगळाच असे दोन कप्पे करू लागला तर संशोधकाने लिहायचे कोणासाठी?

अमेरिकेतला 'जेपर्डी' हा कार्यक्रम १९६४पासूनचा, आणि माझी पैजेची फेरी मी त्याच्यावरून उचलली होती. तिथे शेवटच्या प्रश्नाचा फक्त विषय आधी सांगतात, मग रक्कम लिहून द्यायची, मग प्रश्न. करोडपतीत प्रश्न पाहून पैज, इथे न पाहता. म्हणजे एखाद्या विषयातले आपले अज्ञान किती, हे आधीच मापायचे. २०१९मध्येच जेम्स होल्झहाऊर या लास व्हेगासच्या पट्टीच्या पैजदाराने सलग ३२ डाव जिंकले. त्याची तयारी काय, तर ग्रंथालयातली मुलांची सचित्र पुस्तके! तेहतिसाव्या डावात शेवटच्या फेरीआधी शिकागोतल्या एका ग्रंथपाल बाईंचे २६,६०० डॉलर, त्याचे २३,४०० आणि तिसऱ्याचे ११,००० होते. त्याने लावले फक्त १,३९९. अनेकांना वाटले तो मुद्दाम हरला. पण वजाबाकी करून पाहा : चुकला असता तरी २२,००१ उरले असते, तिसऱ्याच्या दुपटीहून एक डॉलर जास्त. पहिल्या बाई आपल्या दुपटीला झाकण्याइतके लावणार हे त्याला कळत होते, म्हणजे त्या बरोबर ठरल्या तर त्याचे काहीच चालणार नव्हते, आणि चुकल्या तर थोडके लावूनही भागणार होते. बाईंनी लावले २०,२०१. एकूण ४६,८०१, त्याच्या दुपटीहून एक डॉलर जास्त. दोघांचेही उत्तर बरोबर आले आणि तो हरला. हरतानाही त्याचा हिशेब चुकला नव्हता.

हा डाव मी पुष्कळ उशिरा समजून घेतला, आणि मग आमच्या शाळेतली फेरी मला पुन्हा मांडाविशी वाटली. पंचावन्नवाल्या संघाने खरे तर २६ लावायला हवे होते, म्हणजे ८१ होऊन चाळिसाच्या दुपटीला झाकले असते. आणि त्यांनी तसे लावले असते तर चाळीसवालीने दहापर्यंतच लावणे शहाणपणाचे, म्हणजे ते चुकल्यावर त्यांच्या २९ पुढे हिचे किमान ३० राहतात. तिने चाळीसही लावले. पुस्तकी हिशेबाने ही चूक. पण समोरचा संघ भित्रा आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची समजून दहाच लावील, हे ती पाहत बसली होती की काय, कोण जाणे. विषय गडकोट आहे म्हटल्यावर आपण चुकणार नाही एवढे मात्र तिने ओळखले होते. स्वतःच्या ज्ञानाची सीमा तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होती. माझ्या पुस्तकाची सीमा तिला ठाऊक नव्हती.

त्या फेरीनंतर चारेक वर्षांनी पुण्यात छापील पत्रे चाळताना मला १६६३चे पत्र भेटले. महाराजांनी मोरोपंत आणि निळोपंतांना लिहिलेले. गडावर फितवा झाल्याची खबर आहे, आणि गडाचे नाव दिले आहे सिंहगड. तानाजी पडले ४ फेब्रुवारी १६७०ला. नाव त्याआधी किमान सहा वर्षे चालू होते. अभ्यासकांना हे पूर्वीच माहीत होते, मला नव्हते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने आणि शाळेतल्या धड्यांनी ते वाक्य माझ्या मनावर असे कोरले होते की नावाचा उगम तपासावा हे सुचलेच नाही. आमच्याकडे तर मढे घाटाचे नावच तानाजींच्या पार्थिवाशी जोडलेले. कथा इतकी दाराशी असली की दप्तराकडे जावेसे वाटत नाही.

करोडपतीच्या पडद्यावर अ, ब, क, ड असतात. 'प्रश्नच चुकला आहे' हा पर्याय नसतो आणि तसे म्हणणाऱ्याला खेळ सोडण्याखेरीज वाट नसते. त्या मुलीने उत्तर दिले होते ते नेमके या पाचव्या जागी.

पत्राची झेरॉक्स घेऊन मी तिच्या घरी गेलो. ती तेव्हा पुण्यात नर्सिंग शिकत होती. वडील खळ्यावर नाचणी वारवत होते. मी सगळे सांगितले, पत्रातली ओळ वाचून दाखवली. त्यांनी हात पुसले, कागद उजेडाकडे धरला, घडी घालून खिशात ठेवला.

"मग तुमच्या हिशेबानं," त्यांनी विचारले, "गुण किती व्हायला पाहिजे होते?"

"ऐंशी," मी म्हणालो. "आणि समोरच्यांचे पंचेचाळीस."